दख्खनी मेंढी आणि एक जनुक : फलटणच्या ‘नारी’तील पशुसंवर्धनाची वाटचाल

शंभर दख्खनी मेंढ्या व्याल्या, तर त्यांतल्या जेमतेम दोन-चार मेंढ्यांना जुळी होतात. बाकी सगळ्यांना एकेकच कोकरू. सातारा, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आणि धनगराने आपला संसार याच हिशेबावर बेतला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हा हिशेब बदलायचे मनावर घेतले ते १९९० नंतर. मेंढी बदलायची नव्हती. तिची काटक चण, रोजची मैलोगणती चाल, उन्हाळ्यात वाळल्या काडीवर तगून राहण्याची ताकद हे सगळे जसेच्या तसे राखायचे होते. फक्त तिच्या पोटी एकाऐवजी दोन कोकरे यावीत, एवढाच बदल हवा होता.

या एवढ्याशा बदलाला पंधरा-वीस वर्षे लागली. त्याचा माग काढत गेले, तर वाट सुंदरबनातल्या दलदलीतून निघून ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढवाड्यावर जाते आणि तिथून पुन्हा फलटण तालुक्यात येते.

काटा काढलेली करडई

संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नारी’ हे नाव रूढ झाले आणि आता पंचक्रोशीत तेच चालते. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये ही संस्था स्थापन केली. फलटण–लोणंद रस्त्यावरच्या तांबमाळावर तिचे मुख्य ठाणे आहे. निंबकर अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून आलेले. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू करणाऱ्या, अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर या त्यांच्या आई. मुंबई-पुण्यात सुखाने राहता येईल अशी सगळी अनुकूलता असताना ते फलटणला आले, शेती करू लागले आणि तिथेच राहिले. २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

फलटण तालुक्याचे दोन चेहरे आहेत. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा भाग उसाने हिरवा असतो. कालव्याच्या वरच्या अंगाला माळरान सुरू होते. तिथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही धड भरवशाचा नाही. संस्थेने आपले काम मुख्यतः या दुसऱ्या चेहऱ्यासाठी आखले.

तिची रीत सर्वांत आधी करडईवर दिसली. करडई हे कमी पाण्यावर, रब्बीच्या थंडीत येणारे भरवशाचे तेलबी. पण तिच्या काट्यांनी काढणीच्या वेळी मजूर हैराण होत, त्यामुळे शेतकरी ती टाळू लागला होता. नारीने बिनकाट्याच्या करडईवर काम केले. ‘नारी-६’ हा वाण आणि त्यामागून आलेले बिनकाट्याचे संकरित वाण हे त्याचे फळ. करडईचा काटकपणा गेला नाही, गेला तो काटा. गोड ज्वारीच्या ‘मधुरा’ वाणामागेही हाच विचार होता. शेतकऱ्याच्या ओळखीचे पीक घ्यायचे आणि त्याच्या ताटातून रस, काकवी, इथेनॉल मिळवायचे. १९८१ मध्ये डॉ. अनिल राजवंशी संस्थेत आले आणि ग्रामीण ऊर्जेचे काम उभे राहिले. डॉ. नंदिनी निंबकर यांनी पिकांचे संशोधन पुढे नेले.

शेतकऱ्याजवळ जे आहे ते ओळखायचे, त्यातली एक अडचण नेमकी पकडायची आणि तेवढीच दूर करायची, ही या संस्थेची सवय. पशुसंवर्धन विभाग उभा राहिला तोही ही सवय घेऊनच.

कळप कशासाठी

संस्थापकांच्या कन्या चंदा निंबकर यांनी १९९० मध्ये पशुसंवर्धन विभागाची सूत्रे घेतली. फलटणजवळच्या वडजल गावी मेंढ्यांचे आणि शेळ्यांचे कळप उभे राहिले. आनुवंशिकीवर आधारलेली पैदास हा त्यांचा विषय. पुढे ऑस्ट्रेलियात आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठातून त्यांनी याच विषयात डॉक्टरेट मिळवली. या विषयातल्या बहुतेक शास्त्रज्ञांची कारकीर्द विद्यापीठात किंवा सरकारी प्रक्षेत्रावर जाते. त्यांची गेली एका छोट्या, बिनसरकारी संस्थेत, जिथून धनगरांचे वाडे पायी गाठता येतात.

दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, बहुतांशी काळी. या लोकरीची घोंगडी एके काळी घरोघरी होती. विणणारे सनगर होते, विकत घेणारा शेतकरी होता. कारखान्यात तयार होणारी स्वस्त ब्लँकेटे आली आणि लोकरीचा भाव कात्रणीची मजुरी भागवण्याइतकाही उरला नाही. तरीसुद्धा मेंढीसुधारणेच्या सरकारी योजना बराच काळ लोकरीभोवतीच फिरत राहिल्या. मेरिनो, रॅम्बुलेसारख्या परदेशी जातींशी संकर करून लोकर तलम करायची, असा त्यांचा रोख होता. धनगराच्या हिशेबात मात्र लोकर केव्हाच मागे पडली होती. त्याचे पैसे होत ते तीन-चार महिन्यांच्या कोकरांचे, मटणासाठी. रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे मिळत, ती दुसरी मिळकत.

तेव्हा एका मेंढीमागे वर्षाला विकण्याजोगी किती कोकरे हाती येतात, हाच खरा प्रश्न होता. कळप वाढवून कोकरे वाढवायची सोय उरली नव्हती. माळ नांगरटीखाली गेले, वनखात्याची कुंपणे पडली, कालव्याकाठी ऊस उभा राहिला, चराईचे रान दर साल आखडत गेले. कोकरे वाढवायची तर आहे त्याच मेंढ्यांकडून.

बंगालची मेंढी, ऑस्ट्रेलियाचे कोडे

न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ ‘बूरूला’ नावाचा मेंढवाडा होता. तो सीअर्स बंधूंचा. मेरिनो मेंढी सहसा एकच कोकरू देते. या भावांच्या कळपात मात्र जुळी, तिळी, क्वचित त्याहूनही जास्त कोकरे देणाऱ्या मेंढ्या होत्या आणि ते त्या मुद्दाम राखून ठेवत. १९५८ नंतर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यांच्याकडची काही जनावरे मिळवून अभ्यास सुरू केला. तो सुरू करणाऱ्या हेलन न्यूटन टर्नर यांचे शिक्षण वास्तुशास्त्राचे. प्रयोगशाळेत त्या आल्या कार्यालयीन नोकरीवर आणि तिथेच संख्याशास्त्र शिकून जगातल्या अग्रगण्य मेंढीपैदास शास्त्रज्ञांपैकी एक झाल्या.

शास्त्रज्ञांना चकित करणारी गोष्ट पुढे आली. एका वेळी किती कोकरे होणार, हा गुण अनेक जनुकांच्या बारीक बारीक परिणामांतून ठरतो, असे तोवर मानले जाई. म्हणजे निवड करत राहिले तरी सुधारणा मुंगीच्या पावलांनीच होणार. बूरूलाच्या मेंढ्यांत तो जणू उडी मारून वाढला होता. १९८२ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी मांडले, की यामागे एकच प्रभावी जनुक असावे. त्याला फेक-बी हे नाव मिळाले. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी ते नेमके शोधून काढले. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-१बी नावाचे जनुक आहे. त्याच्या डीएनएत एका जागी एका अक्षराचा बदल झाला, की त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसते. एवढ्याने बीजांडकोशातल्या पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजात एकाऐवजी दोन-तीन बीजांडे सुटतात.

हे जनुक मेरिनोत आले कुठून? जुन्या नोंदींतून उत्तराची दिशा मिळाली. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत ‘बंगाली मेंढ्या’ नेल्या गेल्या होत्या. एकाच वेळी अनेक कोकरे देतात, अशी त्यांची ख्याती होती. सुंदरबनातल्या पाणथळ रानांत आजही चरणारी, दहा-पंधरा किलो वजनाची, इवलीशी गारोळ मेंढी ही त्याच घराण्यातली. गारोळमध्येही फेक-बीच आहे, हे २००२ मध्ये डीएनए तपासणीने पक्के झाले. दोनशे वर्षांपूर्वी भारतातून गेलेला ठेवा परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ओळखला होता, आणि त्याचे मूळ भारतातच जिवंत होते.

नारीने गारोळ मेंढ्या फलटणला आणल्या त्या हा पुरावा हाती येण्याआधीच, नव्वदच्या दशकात. खारट दलदलीतले जनावर माणदेशाच्या शेजारच्या कोरड्या माळावर आणणे हे धाडसच होते. पण गारोळ पाळायची, असा बेत कधीच नव्हता. तिच्याकडून हवे होते ते एक जनुक.

चार पिढ्यांचे गणित

गारोळ नर आणि दख्खनी मेंढी यांच्या पहिल्या पिढीत निम्मे रक्त गारोळचे येते. जुळी होतात, पण कोकरे बारीक निपजतात. बाजारात कोकराला वजनावर आणि उंचीवर भाव मिळतो. अशी कोकरे धनगर दारात उभी करणार नाही. म्हणून या पिढीतल्या जनुकधारी जनावरांचा पुन्हा दख्खनीशी संकर करायचा. आता गारोळचे रक्त पाव हिश्शावर येते. पुन्हा एकदा तसेच केले की आठव्या हिश्शावर. दर पिढीत निम्म्याच कोकरांना ते जनुक मिळते. ती निवडून ठेवायची, बाकीची बाजूला काढायची. शेवटी हाती उरते ते चेहऱ्याने, चणीने, काटकपणाने दख्खनी आणि जुळी देणारे जनावर. कर्नाटकातल्या मांसल बन्नूर मेंढीचाही या पैदाशीत उपयोग केला गेला.

कागदावर हे गणित सोपे आहे. खरी अडचण होती ती जनुकधारी जनावर ओळखण्याची. मादीच्या बाबतीत पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीतून बीजांडकोश पाहायचा आणि किती बीजांडे सुटली ते मोजायचे. नराला बीजांडकोश नाही. त्याच्या मुली मोठ्या व्हायच्या, माजावर यायच्या, त्यांची तपासणी व्हायची, तेव्हा कुठे बापाचा निकाल लागायचा. एका नराच्या परीक्षेत वर्षे जात.

इथे दोन संस्थांची साथ कामी आली. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या साहाय्याने १९९८ पासून २००७ पर्यंत दोन टप्प्यांत प्रकल्प चालला. त्यात न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि मेलबर्न विद्यापीठातले शास्त्रज्ञ सहभागी होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. विद्या गुप्ता यांच्या गटाने डीएनए तपासणीची बाजू सांभाळली. २००१ मध्ये जनुकातला नेमका बदल कळल्यावर चित्रच पालटले. वडजलच्या वाड्यात जन्मलेल्या कोकराच्या रक्ताचा थोडासा नमुना पुण्याला गेला, की त्याच्याकडे जनुकाच्या दोन प्रती आहेत, एक आहे की एकही नाही, हे स्पष्ट होई. पूर्वी ज्या उत्तरासाठी एक पिढी थांबावे लागे, ते आता कोकरू दूध पीत असतानाच मिळू लागले. रसायनशास्त्राच्या नामांकित प्रयोगशाळेतले यंत्र आणि माळावरचा मेंढवाडा एका कामाला लागले, हे संस्थेच्या इतिहासातले महत्त्वाचे वळण.

गायीचा रस्ता मेंढीला बंद

सुधारलेले जनावर संस्थेच्या कुंपणातून बाहेर कसे न्यायचे, हा पुढचा प्रश्न. गायीच्या बाबतीत महाराष्ट्राने याचे उत्तर आधीच पाहिले होते. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बाएफची स्थापना केली आणि पुढे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात गोठवलेल्या रेतमात्रा गावोगावी शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचू लागल्या. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे रक्त त्या वाटेने राज्यभर पसरले. एका वळूपासून हजारो कालवडी होऊ शकतात. या वेगाचा फायदा मोठा, तसा धोकाही. स्थानिक जात पाहता पाहता मागे पडते. खिल्लार, डांगी, देवणी या गायींच्या जतनाची चर्चा आज होते, ती याच कारणाने.

मेंढीला हा रस्ता नाही. तिच्या गर्भाशयाचे मुख इतके वळणाचे आणि घड्यांचे असते, की गोठवलेले रेत साध्या नळीने आत पोहोचवणे जवळपास अशक्य. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते साधते, पण दहा-वीस मेंढ्यांच्या धनगराला ते परवडणारे नाही. म्हणून मेंढीपैदाशीत सुधारणा पोहोचते ती जिवंत नराच्या पायांनी. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला नर कळपात सोडला, की त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत हमखास मिळते. मेंढपाळाला रक्त तपासावे लागत नाही, नोंदवही ठेवावी लागत नाही. नर चांगला आहे, एवढे त्याला पुरते.

वेग कमी असल्याचा एक लाभ झाला. धनगराने एखादा नर वर्षभर वापरून पाहिला, पटला नाही तर विकून टाकला. चूक झालीच, तर ती एका कळपापुरती राहिली. गायींच्या संकरात जी उलटतपासणी वीस-तीस वर्षांनी होऊ लागली, ती इथे पहिल्या पिढीपासून मेंढपाळच करत होता.

धनगराच्या वाड्यात

संशोधन केंद्रातली मेंढी आणि वाड्यावरची मेंढी यांत फार अंतर असते. केंद्रात खुराक असतो, औषध असते, रात्री पहारा असतो. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात नारीने आपल्या कामाचे मोजमाप मुद्दाम धनगरांच्या कळपांत नेले. जनुकधारी जनावरे फलटण परिसरातल्या मेंढपाळांना दिली गेली आणि कोण कधी व्याली, किती कोकरे झाली, त्यांतली किती जगली, किती वजनाला विकली, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. डॉ. चंदा निंबकर आणि डॉ. प्रदीप घळसासी यांच्या शोधनिबंधांतली बरीच माहिती या वाड्यांवरून आलेली आहे.

एक प्रत असलेल्या मेंढ्यांना सरासरी दीडच्या आसपास कोकरे होऊ लागली. बूरूला मेरिनोत तिळी आणि चौळी ही डोकेदुखी ठरली होती. दख्खनीत जुळीच जास्त, तिळी क्वचित. माळावरच्या मेंढीला दोन आचळे आणि मोजके दूध. तिला दोन कोकरे झेपतात, चार नाही. म्हणूनच मेंढपाळाच्या कळपातल्या माद्यांत जनुकाची एकच प्रत असावी, असे धोरण ठरले.

हिशेब मांडून पाहू. वीस दख्खनी मेंढ्या व्याल्या तर वीस-एकवीस कोकरे. त्याच वीस मेंढ्या जनुकधारी असतील तर तिसाच्या घरात. मात्र वरची नऊ-दहा कोकरे फुकट येत नाहीत. जुळ्यांतले कोकरू जन्मतः हलके असते. पहिला चीक दोघांनाही वेळेवर मिळाला पाहिजे. आईचे दूध कमी पडले, तर शेळीचे दूध बाटलीने पाजावे लागते. व्यालेल्या मेंढीला मूठभर भरडा, ओला पाला द्यावा लागतो. यातले बहुतेक काम वाड्यावरच्या बायकांच्या अंगावर पडते. लहान कोकरे सांभाळणे ही धनगर घरात त्यांचीच बाजू. त्यामुळे या जनुकाचा निकाल जितका बीजांडकोशात लागतो, तितकाच वाड्यावरच्या बाईच्या हातात लागतो. जिथे तिला वेळ होता आणि चारा जवळ होता, तिथे जुळी जगली, वाढली, विकली गेली. दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागणाऱ्या, रोज मुक्काम हलवणाऱ्या कळपाला हीच जुळी ओझे वाटू शकतात. गावात स्थिर राहून पंधरा-वीस मेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबाला ती सर्वांत जास्त उपयोगी पडतात. हा फरक न लपवता सांगणे, हेही पैदास शास्त्राचेच काम.

टिकाऊ पैदास म्हणतात ती याच ठिकाणी दिसते. तीस कोकरांसाठी तीस मेंढ्या चारायच्या, की वीस? चराईचे रान दर वर्षी आखडत असताना दहा मेंढ्या कमी पाळूनही तितकेच उत्पन्न निघत असेल, तर रानावरचा ताण तेवढा हलका होतो.

पोटातले जंत

जुळ्यांइतके बोलले गेले नाही, पण तितकेच मोलाचे असे एक काम नारीने समांतर केले. पावसाळ्यात मेंढ्यांच्या जठरात हिमॉन्कस नावाचा रक्त शोषणारा जंत वाढतो. जनावर फिके पडते, जबड्याखाली पाणी साठते, कोकरे दगावतात. औषध पाजणे हा नेहमीचा उपाय. पण तेच ते औषध पुन्हा पुन्हा पाजल्याने जंतच त्याला दाद देईनासे होतात, हा जगभरचा अनुभव. काही मेंढ्यांत मात्र जंतांना तोंड देण्याची शक्ती उपजत असते आणि ती पुढच्या पिढीत उतरते. ती ओळखायची, तर प्रत्येक मेंढीच्या लेंड्या गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची. दख्खनी, बन्नूर, गारोळ आणि त्यांचे संकर यांची अशी तुलना फलटणला झाली आणि गारोळची ही बाजू दख्खनीपेक्षा सरस असल्याचे दिसले. दलदलीत राहून तिने कमावलेला हा गुण.

याच विभागात शेळ्यांचे कामही वाढले. दक्षिण आफ्रिकेत घडलेली, मांसासाठी नावाजलेली बोअर शेळी भारतात आणण्यात नारी आघाडीवर होती. त्याच वेळी मराठवाड्याची काळी, जुळी देणारी उस्मानाबादी शेळी विभागाने नजरेआड होऊ दिली नाही. शेळीत गोठवलेल्या रेताने कृत्रिम रेतन साधते. त्यामुळे मेंढीला बंद असलेली वाट इथे खुली झाली आणि निवडक बोकडांच्या रेतमात्रा गावांपर्यंत नेता आल्या.

सुवर्णा

या साऱ्या खटाटोपातून उभ्या राहिलेल्या जुळी देणाऱ्या मेंढीला ‘नारी सुवर्णा’ हे नाव मिळाले. १० ते १२ नोव्हेंबर २००८ या काळात हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ पुण्यात आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. जगात जिथे जिथे फेक-बी वापरून मेंढीपैदास चालली होती, तिथले संशोधक आपापला अनुभव घेऊन तिथे एकत्र आले. ज्या बाईंनी बूरूलाचे कोडे हाती घेतले, त्यांच्या नावाची परिषद त्या जनुकाच्या मायदेशात भरली आणि तिचे निमित्त फलटणचे काम होते.

नारी सुवर्णाचे नर पुढे महाराष्ट्राबाहेरही गेले. कर्नाटकातल्या मेंढपाळांत तिचे नाव चांगलेच परिचित झाले. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गारोळचेच जनुक मालपुरा आणि पाटणवाडी मेंढ्यांत उतरवून ‘अविशान’ घडवली. ओडिशातल्या केंद्रपाडा मेंढीतही हेच जनुक आढळले. फेक-बी आता भारतीय मेंढीपैदाशीच्या चर्चेत पक्के बसले आहे.

दहा-बारा पिढ्यांनंतर नवे प्रश्न उभे राहतात. नरांची मागणी वाढली, की मोजक्या बापांचीच संतती सगळीकडे पसरते आणि जवळच्या नात्यातले संकर होऊ लागतात. ‘सुवर्णा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नरात जनुक असतेच असे नाही, आणि तपासणीशिवाय ते ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही. जतच्या बाजूच्या माडग्याळ मेंढीची बाकदार नाकाची ऐट आणि तिला मिळणारा भाव पाहून अनेक धनगर आता तिच्या नरांकडे वळले आहेत. उंची वाढते, पण कोरड्या माळावर तगणारी मूळची लोणंदकडची दख्खनी कळपांतून कमी होऊ लागते. ज्या मेंढीला न बदलता सुधारायचे ठरवून हे काम सुरू झाले, तीच विरळ झाली तर पुढच्या पैदाशीला पाया उरणार नाही.

यावरचा उपाय नाट्यमय नाही. कळप निवडायचे, प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला लावायचा आणि व्याण्याची, वजनाची, मरतुकीची नोंद वर्षानुवर्षे ठेवायची. गेली तीन दशके फलटणला हेच होत आले आहे आणि जनुकाचा शोध उपयोगी पडला तो त्या नोंदी आधीपासून होत्या म्हणून. पशुवैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांनी आणि धनगर घरांतल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे काम आता हाती घ्यावे. शुद्ध दख्खनीचा एखादा कळप निवडून त्याची किमान पाच वर्षांची नोंद ज्याला कोणाला ठेवता येईल, त्याने ती यंदाच्या वेतापासूनच सुरू करावी.